सरासरी ४७ आली, पण कुणाची?

पत्र: मी चिकोडी तालुक्यातली. बेळगावात एम.ए. समाजशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे. दहावीपर्यंत मराठी शाळा, गणितात कशीबशी पास. आता पेपरात संख्याशास्त्र आहे आणि जोडीला प्रात्यक्षिक. सरांनी निपाणी भागातल्या विड्या वळणाऱ्या ६० बायकांकडून प्रश्नावली भरून आणायला सांगितली, ती आणली. मैत्रिणीनं पेनड्राइव्हवर एसपीएसएस (संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर) दिलं होतं. ते पंधरा दिवस चाललं नि बंद पडलं, वर लॅपटॉपही हळू झालाय. बंद पडायच्या आधी जे काढलं त्यात वयाची सरासरी ४७.१५ आली, धर्माची १.४ आली आणि शिक्षण नि मोबाइल यांच्या ची-स्क्वेअरपुढे .००० आलं. ९ जणींनी वय सांगितलं नाही, तिथे ९९ घातलंय. बटण दाबलं की काहीतरी येतं, पण काय आलं ते कळंना झालंय. सराव कसा करू? आणि प्रबंधात हे लिहू तरी कसं?

उत्तर: आधी वयाचंच घेऊ, कारण त्याचा उलगडा तुमच्याच पत्रात आहे. कागद-पेन्सिल घ्या. ६० जणींची सरासरी ४७.१५, म्हणजे सगळ्या वयांची बेरीज २८२९. त्यात ९ वेळा ९९ आहेत, म्हणजे ८९१. ते वजा केले की उरतात १९३८. वय सांगणाऱ्या ५१ जणी. १९३८ ला ५१ नं भागा: बरोबर ३८. तुमच्या बायकांचं सरासरी वय ३८ आहे, ४७ नाही. मधली नऊ वर्षं कुणाच्याच वयाची नाहीत, ती ‘सांगितलं नाही’ या उत्तराची आहेत.

हे तीन ओळींचं गणित तुम्हाला झेपलं असेल तर या पेपरापुरतं गणित तुम्हाला येतं. अडतंय ते दुसरीकडे. सॉफ्टवेअरला आकडा दिसतो, त्या आकड्यामागचा प्रश्न दिसत नाही. तो तुम्हालाच सांगावा लागतो. म्हणून सरावाचा पहिला नियम असा: बटण दाबायच्या आधी उत्तर अंदाजानं कागदावर लिहायचं. ‘वय साधारण पस्तीस-चाळीस यायला हवं’ असं आधी लिहिलं असतं, तर ४७ बघून तुम्ही तिथंच थांबला असता.

धर्माची सरासरी हा दुसरा प्रकार. तुम्ही हिंदू १, मुस्लिम २, असे काही कोड दिले असणार. हे अंक नुसती नावं आहेत, एसटीवरच्या पाटीसारखी. सॉफ्टवेअर बिचारं विचारत नाही, सांगितलं की भागाकार करून मोकळं होतं. जनगणनेच्या यादीत महाराष्ट्राचा कोड २७ आहे आणि कर्नाटकाचा २९. दोन्हींची सरासरी काढा, २८ येते, आणि २८ हा आंध्र प्रदेशाचा कोड आहे. आपला सीमाप्रश्न एवढ्यावर सुटला असता तर काय हवं होतं! धर्म, जात, भाषा, तालुका, गाव यांची सरासरी कधीच काढायची नाही. किती जणी आणि किती टक्के, एवढंच. शिक्षण जरा वेगळं. ‘निरक्षर, प्राथमिक, माध्यमिक, पुढे’ असे गट केले असतील तर त्यांना क्रम आहे, मध्यक (सगळ्यांना क्रमानं लावल्यावर मधोमध येणारा) चालेल. ‘किती इयत्ता शिकलात’ असा आकडा घेतला असेल तर सरासरीही चालेल.

आता सॉफ्टवेअर. पेनड्राइव्हवरची ती कॉपी काढून टाका आणि लॅपटॉप व्हायरससाठी तपासून घ्या. पीएसपीपी नावाचा प्रोग्राम अधिकृतपणे फुकट आहे, त्याला मुदत नाही, आणि तो एसपीएसएसच्या फायली तशाच उघडतो. मेनूही जवळपास तेच, त्यामुळे वर्गात दाखवलेलं वाया जात नाही. कुणी जामोवी सुचवेल. तेही फुकट आहे आणि त्याची टेबलं दिसायला छान असतात. पण तुमच्या वर्गात एसपीएसएस आहे, तर पीएसपीपीच धरा. एका वेळी दोन सॉफ्टवेअर शिकायला जाऊ नका.

साठ प्रश्नावल्या आधी एक्सेलमध्ये भरा. एक ओळ म्हणजे एक बाई, एक स्तंभ म्हणजे एक प्रश्न. पहिल्या स्तंभात अनुक्रमांक, आणि तोच क्रमांक कागदी प्रश्नावलीवरही पेनानं. हा क्रमांक नसला तर नंतर चूक सापडूनही कुठला कागद बघायचा ते कळत नाही. ‘घरात काय काय आहे’ अशा अनेक उत्तरांच्या प्रश्नाला एका खान्यात ‘१,३,४’ लिहू नका. टीव्ही, शिलाई मशीन, गॅस, प्रत्येकाला वेगळा स्तंभ करा आणि आहे १, नाही ० असं भरा.

एक खोड आपल्याकडे हमखास दिसते. मोबाइल किंवा लॅपटॉपचा कीबोर्ड मराठीवर असतो आणि वय ‘३५’ असं देवनागरी अंकांत टाईप होतं. कुणी मदतीला बसलं तर कन्नड अंकही येतात. कागदावर ते बरोबर आहेत, पण सॉफ्टवेअरला ते अक्षरं वाटतात. मग तो स्तंभ ‘स्ट्रिंग’ म्हणून येतो आणि सरासरीच्या यादीत वय दिसतच नाही. माहिती भरताना अंक इंग्रजी कीबोर्डवरूनच घाला. नावं-गावं मराठीत ठेवायची असतील तर फाइल सीएसव्ही करताना ‘यूटीएफ-८’ हा प्रकार निवडा, नाहीतर पुढे सगळी प्रश्नचिन्हं दिसतात.

भरून झालं की सहा प्रश्नावल्या चिठ्ठ्या टाकून निवडा आणि मैत्रिणीला कागदावरचं वाचायला लावून पडद्याशी ताडून पाहा. सहांत एखादीच चूक निघाली तर दुरुस्त करून पुढे जा. तीन-चार निघाल्या तर साठही तपासा. कंटाळवाणं आहे, पण दुसरा उपाय नाही.

मग पीएसपीपीत ‘फाइल’ मेनूतून ‘इम्पोर्ट डेटा’. खाली दोन टॅब असतात, ‘डेटा व्ह्यू’ आणि ‘व्हेरिएबल व्ह्यू’. नवशिके पहिल्यातच रमतात. तुमचा पहिला तास दुसऱ्या टॅबवर जाऊ दे. तिथे प्रत्येक प्रश्नाची एक ओळ असते. ‘लेबल’मध्ये प्रश्न जसा विचारला तसा पूर्ण लिहा. ‘व्हॅल्यू लेबल्स’मध्ये १ म्हणजे काय, २ म्हणजे काय ते भरा. ‘मिसिंग व्हॅल्यूज’मध्ये वयासाठी ९९ टाका. ‘मेजर’मध्ये धर्माला नॉमिनल (नुसतं नाव), शिक्षणगटाला ऑर्डिनल (क्रम असलेले गट), वयाला स्केल (खरा आकडा). आता ‘अ‍ॅनलाइज’, ‘डिस्क्रिप्टिव्ह स्टॅटिस्टिक्स’, ‘फ्रिक्वेन्सीज’ या वाटेनं वय काढा. ३८ येईल, आणि मिसिंगपुढे ९ दिसेल. एक सांभाळा: ९९ हा कोड वयाला चालला, पण महिन्याच्या मजुरीला किंवा विड्यांच्या संख्येला चालणार नाही, तिथे ९९ खरंच असू शकतात. खऱ्या उत्तरात येऊच शकणार नाही असा आकडा घ्या, उदाहरणार्थ ९९९९९.

प्रत्येक खिडकीत ‘ओके’च्या शेजारी ‘पेस्ट’ असतं. सवय ‘पेस्ट’ची लावा. त्यानं आज्ञा एका फाइलीत लिहून ठेवल्या जातात आणि तिथून त्या चालवता येतात. महिन्यानं सरांनी ‘हे कसं काढलं?’ विचारलं की ती फाइल दाखवायची. शिवाय दोन प्रश्नावल्या वाढल्या तर सगळं एका झटक्यात परत काढता येतं.

आता थोडं थांबून वयाचा हिस्टोग्राम, म्हणजे किती वयाच्या किती जणी हे दाखवणारा पट्ट्यांचा आलेख, काढा. पट्ट्या पाच-पाच वर्षांच्या न ठेवता एकेका वर्षाच्या ठेवा. ३०, ३५, ४०, ४५ वर उंच खांब दिसतील आणि ३१, ३४, ३९ वर जवळपास काहीच नाही. हा सॉफ्टवेअरचा दोष नाही. ‘चाळीस असंल बघा’ असं सांगितलं की तुम्ही ४० लिहिता. जगभरच्या सर्वेक्षणांत वयं शून्यावर आणि पाचावर अशी गोळा होतात. याचा अर्थ असा की तुमच्या माहितीत ३९ आणि ४१ मधला फरक खरा नाही, म्हणून ‘चाळिशीच्या आतल्या’ आणि ‘चाळीस व वरच्या’ असे गट पाडलेत तर नेमक्या चाळिसाच्या गर्दीवर सुरी फिरते. गट ३३ ते ३७, ३८ ते ४२ असे पाडा, म्हणजे गर्दीचा आकडा गटाच्या मधोमध राहतो. पुढच्या वेळी वय विचारताना प्रसंगांची मदत घ्या. निपाणीचं तंबाखू आंदोलन १९८१ चं, कृष्णेचा महापूर २००५ चा आणि पुन्हा २०१९ चा. ‘२००५ च्या पुरात थोरली लेक केवढी होती? तुमचं लग्न होऊन किती वर्षं झाली होती?’ यातून वय दोन-तीन वर्षांच्या आत बसतं. त्या ९ जणींचंही कदाचित बसलं असतं.

मजुरीचंही असंच. हजार विड्यांमागे दर असतो, त्यामुळे ‘रोज किती?’ला उत्तरं ५००, ८००, १००० अशीच येतात. बाद झालेल्या विड्या त्यातून वजा केल्यात की नाही, हे विचारलं नसेल तर लिहून ठेवा. उत्पन्नाची सरासरी काढणार असाल तर मध्यकही शेजारी छापा. सरावासाठी रचलेलं उदाहरण बघा: आठ घरांचं महिन्याचं उत्पन्न हजारांत ८, ९, १०, १०, ११, १२, १४ आणि एक ऊसवाल्यांचं घर १२६. सरासरी २५ हजार. मध्यक साडेदहा हजार. आठांपैकी एकही घर पंचवीस हजारांच्या आसपास नाही.

‘काम करता का?’ हा प्रश्नही तपासा. विड्या वळणारी बाई याला बेधडक ‘नाही, घरीच असते’ म्हणते आणि बोलताना हातात सूप असतं. सरकारच्या श्रमशक्ती सर्वेक्षणात फक्त घरकाम करणारीला ९२ आणि स्वतःचा धंदा चालवणारीला ११ असे कोड आहेत. एका चुकीच्या उत्तरानं बाई कामकऱ्यांच्या यादीतूनच बाहेर जाते. ‘गेल्या सात दिवसांत विड्या वळल्या का? किती दिवस?’ असं विचारलं की उत्तर नेमकं येतं.

ची-स्क्वेअरकडे येऊ, म्हणजे दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे का हे तपासणाऱ्या चाचणीकडे. तुमचं टेबल पत्रात नाही, म्हणून आकडे रचून घेते: २०० बायका, त्यांपैकी दहावी झालेल्या ८०, न झालेल्या १२०. स्वतःचा मोबाइल दहावीवाल्यांत ५६ जणींकडे, बाकीच्यांत ५४ जणींकडे. टक्के कुठल्या दिशेनं काढायचे, इथे जवळपास प्रत्येक विद्यार्थी घसरतो. शिक्षणाचा मोबाइलवर परिणाम बघायचा, तर टक्के शिक्षणाच्या गटात काढायचे: ८० पैकी ५६ म्हणजे ७० टक्के, १२० पैकी ५४ म्हणजे ४५ टक्के. उलट बाजूनं काढलंत तर ‘मोबाइलवाल्या ११० पैकी ५०.९ टक्के दहावी झालेल्या’ असं मिळतं. आकडा खरा, पण तो दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर आहे. सोपी खूण: कारण ओळीत ठेवा, परिणाम स्तंभात, ‘सेल्स’ बटणात ‘रो’ टक्के निवडा. प्रत्येक ओळीची बेरीज १०० आली पाहिजे. मग वरची नि खालची ओळ ताडायची.

ची-स्क्वेअर एकदा हातानं काढाच. शिक्षणाचा आणि मोबाइलचा काही संबंध नसता, तर दहावीवाल्यांत किती मोबाइल असते? ८० गुणिले ११०, भागिले २०० म्हणजे ४४. प्रत्यक्षात ५६. फरक १२. चारही खान्यांत फरक १२ च येतो. १२ चा वर्ग १४४, तो प्रत्येक खान्याच्या अपेक्षित संख्येनं भागायचा: ४४, ३६, ६६ आणि ५४. मिळतात ३.२७, ४, २.१८, २.६७. बेरीज १२.१२. दोन बाय दोनच्या टेबलाला ३.८४ ची मर्यादा आहे, ती ओलांडली. हेच आकडे पीएसपीपीत टाका, पहिल्या ओळीत १२.१२ दिसेल. खाली ‘कंटिन्युइटी करेक्शन’पुढे ११.१३ दिसलं तर गोंधळू नका, ती लहान नमुन्यासाठीची दुरुस्ती आहे. अपेक्षित संख्या एखाद्या खान्यात ५ च्या खाली गेली, आणि ६० जणींत ती सहज जाते, तर ‘फिशर’ या लहान नमुन्याच्या चाचणीची ओळ वाचा.

आता बायका २०० ऐवजी २००० घ्या, टक्के तेच ठेवा. ची-स्क्वेअर थेट १२१.२ होतो. फरक ७० आणि ४५ चाच, पण आकडा दहापट. म्हणून ची-स्क्वेअर मोठा आला म्हणजे संबंध घट्ट असं नसतं. संबंध किती घट्ट हे ‘फाय’ सांगतो: १२.१२ भागिले २०० चं वर्गमूळ, ०.२५. दोन हजारांतही तो ०.२५ च राहतो.

मोठ्या सर्वेक्षणावर सराव करायचं कारण असं की तिथे गणिताच्या पुस्तकासारखं उत्तर मागे छापलेलं असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९-२१ ची. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडे तिची जबाबदारी होती, आणि त्यात ७ लाख २४ हजारांवर बायकांच्या मुलाखती आहेत. अहवालात लिहिलंय की १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आहे. मूळ फाइल नोंदणी करून, कशासाठी हवी ते लिहून मागता येते. त्यातून तुम्ही स्वतः ५७ काढून दाखवा. पहिल्या झटक्यात येणार नाही, आणि का येत नाही हे शोधणं हाच खरा अभ्यास.

कारणं बहुतेक तीनच. पहिलं, हिमोग्लोबिन ११८ असं लिहिलेलं असतं, ते ११.८ आहे, दशांशचिन्ह गृहीत धरलंय. दुसरं, ९९४ पासून पुढचे कोड म्हणजे तपासणी झाली नाही किंवा नकार दिला, ते हिशेबातूनच बाहेर काढायचे. तुमच्या ९९ चेच ते चुलते. तिसरं कारण ‘वेट’. लहान राज्यांतून लोकसंख्येच्या मानानं जास्त बायका घेतलेल्या असतात, म्हणून प्रत्येकीला वजन असतं. ते फाइलीत १० लाखांनी गुणून ठेवलेलं असतं. न भागता ‘वेट केसेस’मध्ये टाकलं तर एकूण बायकांची संख्या पृथ्वीच्या लोकसंख्येच्या पुढे जाते आणि ‘पी’ (संबंध नसतानाही एवढा फरक नुसत्या योगायोगानं दिसण्याची शक्यता) सगळीकडे .००० येतो. आधी १० लाखांनी भागून नवा स्तंभ करा, मगच वेट लावा. श्रमशक्ती सर्वेक्षणातले वेट तर लोकसंख्येएवढे फुगलेले असतात, तिथे वेटला त्याच्याच सरासरीनं भागा. आणि हे लक्षात असू द्या की पीएसपीपी टक्के बरोबर देतं, पण एका गावातून एकदम वीस-पंचवीस जणी घेतल्या आहेत हे त्याला कळत नाही, त्यामुळे ‘पी’ दिसतो त्याहून जरा मोठा समजायचा. ते नीट करायला आर नावाचं दुसरं सॉफ्टवेअर लागतं, पण ते पुढच्या वर्षी.

फाइल अवाढव्य असते, जुना लॅपटॉप गोठतो. लागतील तेवढे दहा-बारा स्तंभ वेगळे काढून नवी फाइल करा आणि मूळ फाइलीला हात लावू नका. जिल्हा शोधताना जुन्या फायलींत ‘बेळगाव’चंच इंग्रजी रूप मिळेल, नाव बदललं १ नोव्हेंबर २०१४ ला. मंजुरीला वेळ लागला तर भारत मानव विकास सर्वेक्षण घ्या. २०११-१२ च्या फेरीत ४२ हजारांवर कुटुंबं आहेत आणि फाइल एसपीएसएसच्या रूपातच मिळते. त्यातून मात्र एका जिल्ह्याचा आकडा काढू नका, नमुना त्यासाठी घेतलेला नाही.

शेवटी तुमच्या साठ जणी. त्या ओळखीतून, एकीनं दुसरीचं घर दाखवत गेलेल्या असतील, तर ‘निपाणी भागातल्या विडी कामगार महिलांमध्ये इतके टक्के’ असं वाक्य लिहू नका. ‘मुलाखत घेतलेल्या ६० महिलांपैकी’ असं लिहा, आणि त्या कशा मिळाल्या ते एका परिच्छेदात सांगा. सरांची परवानगी असेल तर एका वॉर्डातल्या विड्या वळणाऱ्या घरांची यादी करा. ३०० घरं निघाली तर १ ते ५ पैकी एक चिठ्ठी उचला, आणि तिथून दर पाचवं घर. तशा साठांतही टक्केवारीत १२-१३ टक्के इकडेतिकडे होतंच, म्हणून ५२ आणि ४८ मधल्या फरकावर पानं खर्च करू नका.

आणि ची-स्क्वेअरपुढच्या त्या .००० बद्दल: तो म्हणजे ‘पी’, तो शून्य नसतो, तीन दशांशांत मावला नाही एवढंच. वरच्या उदाहरणात तो ०.०००५ च्या आसपास आहे. प्रबंधात ‘पी ०.००१ पेक्षा कमी’ असं लिहा, आणि त्याच्या आधी दोन्ही गटांचे टक्के.